दोमी म्हणजे घरी: रोमन घरात फिरत लॅटिनशी ओळख

पाँपेईतल्या एका घराच्या दारातून आत पाऊल टाकलं की पायाखालीच साखळीने बांधलेला काळा कुत्रा दिसतो. बारीक दगडी तुकड्यांच्या नक्षीतला हा कुत्रा झेप घ्यायच्या तयारीत आहे आणि त्याच्या पायाशी दोन शब्द आहेत: कावे कानेम. कुत्रा सांभाळ! इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडलं गेलं. 1748 पासून ते खणून काढणं सुरू आहे, आणि भिंतींवर, फरशांवर, भांड्यांवर लिहिलेलं लॅटिन त्यातून वर येत राहिलं आहे. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका मोठ्या घराने उंबऱ्याबाहेर ‘हावे’ असं लिहून पाहुण्याला नमस्कार केला आहे. म्हणजे एक दार सावध करतं, दुसरं स्वागत करतं.

लॅटिन शिकायला सुरुवात करायची तर मला हे दोन शब्द कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानापेक्षा जास्त आवडतात. ‘कावे’ हा आज्ञार्थ: सांभाळ, जप. कुत्र्याला लॅटिनमध्ये ‘कानिस’ म्हणतात, पण इथे तो ‘कानेम’ झालाय. का? कारण सांभाळायचं कोणाला, तर कुत्र्याला. कुत्रा इथे कर्ता नाही, कर्म आहे, म्हणून शब्दाचं शेपूट बदललं.

मी लॅटिन इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. शब्दाचा शेवट बदलून त्याचं वाक्यातलं काम बदलतं, एवढी एक गोष्ट पटवून द्यायला ती पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात, कारण इंग्रजीत कुत्रा मारो की मार खावो, शब्द तोच राहतो. ती पानं मीही इमानेइतबारे वाचली. बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की ही तर विभक्ती आहे. प्रथमा, द्वितीया, स-ला-ते, चा-ची-चे. चौथी-पाचवीत जे पाठ केलं तेच. मराठी माणसाने लॅटिनकडे इंग्रजीच्या दारातून जाणं म्हणजे शेजाऱ्याकडे जायला गावाला वळसा घालणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढे जाण्याआधी उच्चारांबद्दल. लॅटिन शब्द मी इथे ऐकू येतील तसे देवनागरीत लिहितोय. ऱ्हस्व आणि दीर्घ आ वेगळे असतात, पण सोयीसाठी दोन्हींना ‘आ’च वापरलाय. लॅटिनमधले त आणि द आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’मधल्यासारखे दंत्य आहेत. क नेहमी क. सीझर, सिसेरो हे आपण इंग्रजीमार्फत घेतलेले उच्चार. रोमन माणूस कायसार आणि किकेरो म्हणत असे. लिहिलेलं अक्षर वाचायचं, गाळायचं नाही, हा नियम आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि एक खुलासा, कारण यावर चुकीचे संदेश फार फिरतात. लॅटिन संस्कृतातून निघालेली नाही. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीश आणि भाषाभ्यासकाने मांडलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने यावं इतकं थोडं नाही, आणि त्यांचा मूळ स्रोत एकच असावा, जो कदाचित आता उरलेला नाही. पुढच्या अभ्यासाने हे पक्कं झालं. म्हणजे संस्कृत आणि लॅटिन बहिणी, आणि मराठी ही त्यांतल्या एका बहिणीच्या वंशातली. नातं जवळचं आहे, आई-मुलीचं मात्र नाही.

आता कुत्र्याला ओलांडून आत जाऊ. अरुंद बोळातून आपण आत्रिउममध्ये येतो. हा घराचा मुख्य चौक. छताला मधोमध उघडं तोंड, त्यातून पाऊस आत पडतो आणि खालच्या उथळ हौदात, म्हणजे इम्प्लुविउममध्ये, साचतो. तिथून तो जमिनीखालच्या टाकीत जातो. ‘प्लुविआ’ म्हणजे पाऊस. ज्याने आपल्याकडचा चौकाचा वाडा पाहिलाय त्याला हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. चौकाभोवती झोपायच्या लहान खोल्या, म्हणजे कुबिकुला. समोर मालकाची बसायची जागा, ताब्लिनुम. आणि मागे खांबांनी वेढलेली बाग.

आत्रिउम हा शब्द नपुंसकलिंगी आहे. लॅटिनला तीन लिंगं आहेत आणि हिंदी, फ्रेंच, इटालियन बोलणाऱ्यांना तिसरं लिंग नव्याने समजून घ्यावं लागतं. मराठीने ते टिकवून ठेवलंय: तो मुलगा, ती मुलगी, ते मूल. विशेषणही नामामागे चालतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं तेल. बोनुस फिलिउस, बोना फिलिआ, बोनुम ओलेउम. इतकं सरळ.

घराला लॅटिनमध्ये ‘दोमुस’ म्हणतात. नवरा-बायकोला आपण दंपती म्हणतो, त्यातला पहिला तुकडा ‘दम्’ म्हणजे घर. दंपती म्हणजे मुळात घराचा धनी. दोमुस आणि हा दम् एकाच मुळाचे. पण मला सगळ्यात आनंद दिला तो या शब्दाच्या रूपांनी. ‘घरी’ म्हणायचं असेल तर लॅटिन म्हणते ‘दोमी’. ‘गावी’, म्हणजे शेतावर, शहराबाहेर, याला म्हणते ‘रूरी’. मराठीत आपण ‘टेबली’ किंवा ‘ऑफिसी’ म्हणत नाही. तिथे ‘टेबलावर’, ‘ऑफिसात’ लागतं. पण घरी, दारी, गावी, शेजारी या मोजक्या जिव्हाळ्याच्या शब्दांत जुनी सप्तमीची ई टिकून राहिली. लॅटिनमध्ये नेमकं हेच झालं. सप्तमी जवळपास संपली होती. उरली ती घर, गाव आणि शहरांच्या नावांत. दोन दूरच्या भाषांनी आपली जुनी विभक्ती आपापल्या घरात जपून ठेवावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

बाकीची सप्तमी कुठे गेली? तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तीन विभक्तींचं काम लॅटिनने एका रूपावर सोपवलं. तिला ॲब्लेटिव्ह म्हणतात. ‘दोमो’ म्हणजे घरून. ‘इन आत्रिओ’ म्हणजे चौकात. इथे मराठी माणूस एका जागी हमखास चुकतो. आपण ‘चौकात बसलाय’ आणि ‘चौकात गेला’ दोन्हींकडे ‘चौकात’च म्हणतो. लॅटिन हे दोन वेगळे मानते: बसला असेल तर इन आत्रिओ, जात असेल तर द्वितीया, इन आत्रिउम. दुसरी चूक द्वितीयेतली. आपण ‘कुत्र्याला बघतो’ म्हणतो पण ‘भाकरी खातो’, भाकरीला ‘ला’ लागत नाही. लॅटिनमध्ये सजीव-निर्जीव असा भेद नाही. पाव खाल्ला तरी ‘पानिस’चा ‘पानेम’ होणार.

काही शब्दांचं मूळ रूप पाहून पुढचं रूप ओळखता येत नाही. पाय म्हणजे ‘पेस’, पण पायाला ‘पेदेम’. हा द कुठून आला? तो आधीपासूनच होता, प्रथमेत लपला होता. आपल्याकडे कुत्रा, पण कुत्र्याला. पाणी, पण पाण्याला. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. लॅटिन शब्दकोश म्हणूनच प्रत्येक नामाची दोन रूपं देतो, प्रथमा आणि षष्ठी: पेस, पेदिस. दोन्ही एकत्र पाठ करायची, सुटका नाही.

आता माणसं. घरातल्या सगळ्यांना मिळून ‘फामिलिआ’ म्हणत. फॅमिली हा शब्द त्यातूनच आला, पण अर्थ पार बदलला. फामिलिआच्या पोटात ‘फामुलुस’ म्हणजे सेवक आहे. घरधन्याच्या सत्तेखाली जे जे कोणी, ते सगळे फामिलिआ: बायको-मुलं असतील, पण गुलामही, आणि कधीकधी फक्त गुलामच. घरधनी तो ‘पातेर फामिलिआस’. फामिलिआची नेहमीची षष्ठी ‘फामिलिआय’ अशी होते. ‘फामिलिआस’ हे फार जुनं रूप, जे बोलण्यातून गेलं पण अशा मोजक्या पदव्यांत अडकून राहिलं. बाप जिवंत असेपर्यंत मोठ्या, लग्न झालेल्या मुलाचीही कायद्याने स्वतःची मालमत्ता नसे. इतकी जुनी सत्ता आणि तिला चिकटलेला तितकाच जुना प्रत्यय.

नात्यांचे शब्द मात्र ऐकताना कानाला घरचे वाटतात. पातेर, मातेर, फ्रातेर म्हणजे पितृ, मातृ, भ्रातृ, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुढचे बघा. सासऱ्याला ‘सोकेर’, सासूला ‘सोक्रुस’. संस्कृतात श्वशुर आणि श्वश्रू. सुनेला ‘नुरुस’, संस्कृतात स्नुषा, जिची मराठीत सून झाली. नातू म्हणजे ‘नेपोस’, संस्कृतात नप्तृ. विधवा ती ‘विदुआ’. दिराला रोमन कायद्याच्या लिखाणात ‘लेविर’ म्हटलंय, तो आपला देवर, म्हणजेच दीर. लॅटिनमध्ये काही शब्दांच्या सुरुवातीचा द ल झाला, तसा हा झाला. माजघरातल्या या शब्दांनी हजारो मैल आणि हजारो वर्षं वेगवेगळा प्रवास केलाय, तरी चेहरेपट्टी ओळखू येते.

आणि इंग्रजीला जे जमत नाही ते लॅटिनला जमतं. काका ‘पात्रुउस’, मामा ‘आवुन्कुलुस’. आत्या ‘आमिता’, मावशी ‘मातेर्तेरा’, जिच्यात मातेर म्हणजे आई स्पष्ट दिसते. चुलतभावाला ‘पात्रुएलिस’, आतेभावाला ‘आमितिनुस’. आवुन्कुलुसचा शब्दशः अर्थ लहान आजा. पुढे याच मामाच्या शब्दाचं फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘अंकल’ झालं आणि त्या एका शब्दात काका, मामा, आतोबा सगळेच गेले. रोमन लोकांच्या मनात काका म्हणजे कडक, रागावणारा माणूस. होरातिउस या कवीच्या एका कवितेत प्रेमात पडलेली मुलगी काकाच्या जिभेच्या फटक्यांना घाबरते. मामाची अशी ख्याती नव्हती.

घरात जन्मलेल्या गुलामाला ‘वेर्ना’ म्हणत. त्यावरून ‘वेर्नाकुलुस’, म्हणजे घरचा, तिथलाच. तोच पुढे ‘व्हर्नाक्युलर’ झाला. देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा 1878 चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आपण इतिहासात वाचला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास झालेला माणूस गावात मास्तर होत असे. मराठी शाळेत शिकलेल्यांना आजही ‘व्हर्नाक्युलर मीडियम’ म्हणून हिणवलं जातं. त्या शब्दाच्या तळाशी दुसऱ्याच्या घरात गुलाम म्हणून जन्मलेलं एक मूल आहे. शब्द वापरणाऱ्याला हे माहीत असावं, असं वाटतं.

अशीच माणसं कुलिनात, म्हणजे स्वयंपाकघरात, राबत. पाँपेईतली स्वयंपाकघरं लहान, अंधारी, धुराने भरलेली असत आणि बऱ्याचदा शौचकूप तिथेच बाजूला असे. चुलीला ‘फोकुस’ म्हणत. 1604 मध्ये केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने किरण एकत्र येतात त्या बिंदूला हे नाव दिलं, म्हणून आज कॅमेऱ्यात जो फोकस म्हणतो तो मुळात चूल आहे.

शेजारच्या हर्क्युलेनियम शहरात जळून कोळसा झालेला एक अख्खा गोल पाव सापडलाय. त्यावर शिक्का आहे, काही शब्द आखूड करून: केलेरिस, क्विंती ग्रानी वेरी सेर्वी. ‘केलेरचा, क्विंतुस ग्रानिउस वेरुसच्या गुलामाचा’. पाव सामाईक भट्टीत भाजताना ओळखू यावा म्हणून हा शिक्का असावा. षष्ठी समजून घ्यायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. केलेर या नावाची षष्ठी केलेरिस. सेर्वुस म्हणजे गुलाम, त्याची सेर्वी. मराठीत ‘चा’ शेवटी एकदाच लागतो, आधीची नावं तशीच राहतात. लॅटिनमध्ये मालकाच्या नावाचा प्रत्येक तुकडा आणि ‘गुलाम’ हा शब्द, सगळ्यांना षष्ठी लागलीय. पाव केलेरचा आहे आणि केलेर स्वतः दुसऱ्याचा आहे. एकाच विभक्तीने दोन्ही मालक्या सांगून टाकल्या.

पाँपेईत आउलुस उम्ब्रिकिउस स्काउरुस नावाचा गारुम विकणारा व्यापारी होता. गारुम म्हणजे मीठ घालून आंबवलेल्या माशांचं पाणी, रोमन जेवणातली रोजची चव. त्याने आपल्या घराच्या फरशीवरच बरण्यांच्या नक्षीत जाहिरात करून ठेवली: गारुमचं फूल, म्हणजे सर्वोत्तम गारुम, मासा बांगड्याच्या कुळातला, आणि ‘एक्स ओफिकिना स्काउरी’, स्काउरुसच्या कारखान्यातून. ‘एक्स’ म्हणजे मधून, पुढे ॲब्लेटिव्ह. आपली पंचमी, ऊन-हून.

चतुर्थीसाठी देवघरात जावं लागेल. घराचं रक्षण करणाऱ्या देवांना लारेस म्हणत, आणि घरधन्याच्या अंगी असलेल्या जीवनशक्तीला गेनिउस. त्यांच्या भिंतीतल्या कोनाड्याला लारारिउम हे नाव. वेत्ती यांच्या घरातल्या लारारिउमच्या चित्रात मधे गेनिउस, दोन्ही बाजूंना नाचरे लारेस आणि खाली सरपटणारा नाग आहे. पाँपेईतल्याच दुसऱ्या एका घरात असं अर्पण कोरलंय: गेनिओ मार्की नोस्त्री एत लारिबुस, दुओ दिआदुमेनी लिबेर्ती. ‘आमच्या मार्कुसच्या गेनिउसला आणि लारेसना, दोघे दिआदुमेनुस, मुक्त झालेले गुलाम.’ वाक्यात क्रियापदच नाही, तरी कोणी, कोणाला, कोणाच्या, हे पूर्ण कळतं. गेनिओ आणि लारिबुस या चतुर्थ्या, मार्की नोस्त्री षष्ठी, उरलेलं प्रथमेत. गुलामीतून सुटल्यावरही जुन्या मालकाला ‘आमचा’ म्हणणारी ही दोन माणसं माझ्या मनातून जात नाहीत.

लारिबुसमधला ‘बुस’ लक्षात ठेवा. संस्कृतात ‘देवेभ्यः’ म्हणतो त्यातल्या ‘भ्यः’चा हा भाऊ. ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. सगळ्यांना बसता येणाऱ्या गाडीला एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हे नाव पडलं आणि पुढे त्यातलं शेपूट तेवढं उरलं. एसटीची बस, बेस्टची बस, हा नुसता एक चतुर्थीचा प्रत्यय आहे.

जेवायच्या खोलीला त्रिक्लिनिउम म्हणत, कारण तिथे तीन आसनं, आणि त्यांवर डाव्या कोपरावर रेलून लोक जेवत. पाँपेईतल्या एका त्रिक्लिनिउमच्या भिंतींवर यजमानाने पाहुण्यांसाठी चक्क पद्यात नियम रंगवलेत. त्यात दुसऱ्याच्या बायकोकडे लाडिक नजरेने बघू नका, भांडणं टाळा, नाहीतर आपल्या घरी जा, असंही आहे. पहिला नियम असा:

आब्लुआत उंदा पेदेस, पुएर एत देतेर्गेआत उदोस;
माप्पा तोरुम वेलेत. लिंतेआ नोस्त्रा कावे.

‘पाण्याने पाय धुवावेत, आणि पोराने ते ओले पाय पुसावेत, बैठकीवर कापड पसरावं, आमची वस्त्रं सांभाळ.’ ‘पुएर’ म्हणजे मुलगा, पण इथे अर्थ गुलाम. पिकल्या केसांच्या गुलामालाही पुएरच म्हणत. ‘पेदेस’ म्हणजे पाय आणि ‘उदोस’ म्हणजे ओले, हे दोन शब्द ओळीत लांब लांब बसलेत, मधे पुएर घुसलाय. तरी ओला कोण, पोर की पाय, हा गोंधळ होत नाही, कारण उदोसचं रूप द्वितीयेचं आणि अनेकवचनी आहे. विभक्ती पक्की असली की शब्द हवे तिथे ठेवता येतात. आपल्या कवींनीही हेच केलं. ‘आब्लुआत’, ‘देतेर्गेआत’, ‘वेलेत’ ही क्रियापदं आपल्या ‘धुवावे’, ‘पुसावे’सारखी इच्छा किंवा अपेक्षा सांगणारी. आणि शेवटी पुन्हा दारातलाच शब्द: कावे. तिथे कुत्रा सांभाळ, इथे चादरी सांभाळ.

क्रियापदांचं थोडक्यात. मी राबतो ‘लाबोरो’, तू ‘लाबोरास’, तो किंवा ती ‘लाबोरात’, आम्ही ‘लाबोरामुस’, तुम्ही ‘लाबोरातिस’, ते ‘लाबोरांत’. सर्वनाम वेगळं सांगायची गरज नाही. ‘आहे’ म्हणजे ‘एस्त’, ‘आहेत’ म्हणजे ‘सुंत’; संस्कृत येत असेल तर अस्ति आणि सन्ति आठवतील. क्रियापद तो-ती असा भेद करत नाही, जसं ‘तुका म्हणे’ आणि ‘जनी म्हणे’ यांतलं ‘म्हणे’ करत नाही.

भूतकाळात मात्र मराठी आणि लॅटिन वेगळ्या वाटेने जातात, आणि ते एका घरातल्याच बाईकडून ऐकू. रोममध्ये इ.स.पू. दुसऱ्या शतकातला क्लाउदिआ नावाच्या स्त्रीचा मृत्युलेख सापडला होता. वाटसरूला थांबवून तो सांगतो की आई-बापांनी तिचं नाव क्लाउदिआ ठेवलं. खरं तर ते कुळाचंच नाव. क्लाउदिउस कुळातली मुलगी क्लाउदिआ, बहिणी दोन असल्या तर दोघी क्लाउदिआ, एक थोरली, एक धाकटी. तिने नवऱ्यावर मनापासून प्रेम केलं. दोन मुलगे झाले, एक जमिनीवर सोडून गेली, एक जमिनीखाली. बोलणं गोड, चालणं नीटस. आणि मग शेवटची ओळ:

दोमुम सेर्वावित, लानाम फेकित, दिक्सी, आबेइ.

‘घर सांभाळलं, लोकर कातली.’ मराठीत क्रियापद घराकडे आणि लोकरीकडे वळलं. ते सांभाळलं, ती कातली. करणारी ‘तिने’मध्ये मागे राहिली, आणि ‘तिने’ही मी गाळलं. लॅटिनमध्ये दोन्ही क्रियापदांच्या शेवटी ‘इत’ आहे, म्हणजे दोन्हींत ती स्वतः उभी आहे. दोमुम आणि लानाम या दोन्हींना द्वितीयेचा म लागलाय, कानेमला लागला होता तसाच. ‘दिक्सी’च्या शेवटी ई आहे, तो ‘मी’: माझं सांगून झालं. ‘आबेइ’ हा आज्ञार्थ, वाचत उभ्या असलेल्या वाटसरूला: जा आता.